दहा सफरचंदं आणि एक तांब्या

१८८४ साली लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात एका कमोडने दहा सफरचंदं गिळली. एका दमात. सफरचंदं लहान होती, सव्वा इंच जाडीची. पण सोबत साडेचार इंचांचा एक चपटा स्पंज होता, भांड्याच्या आतल्या अंगाला प्लंबर लोक वापरतात तो चिकट लेप फासला होता आणि वर कागदाचे चार तुकडे डकवले होते. पाणी सोडलं, आणि भांडं लख्ख. जॉर्ज जेनिंग्ज यांच्या कंपनीचं ते कमोड होतं आणि त्याला सुवर्णपदक मिळालं. हे तेच जेनिंग्ज, ज्यांनी १८५१ च्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात एक पेनी घेऊन सार्वजनिक संडास चालवला. ८,२७,२८० लोक पैसे मोजून गेले, अशी नोंद आहे. गर्दीचं एवढं चोख मोजमाप आपल्याकडे जत्रेतही कुणी ठेवत नाही.

सफरचंदांची गोष्ट मी ज्याला ज्याला सांगितली तो हसला. मला मात्र त्यातला दुसराच आकडा महत्त्वाचा वाटतो. पाणी सोडलं होतं फक्त दोन गॅलन, म्हणजे नऊ लिटर.

ही मर्यादा कंपनीने हौसेने घातली नव्हती. तेव्हा लंडनला पाणी पुरवायच्या त्या खासगी कंपन्या. कमोडला थेट नळ जोडलेला असे, आणि लोक त्याची मूठ अडकवून ठेवून पाणी वाहू देत. भांडं आपोआप स्वच्छ राहतं, कोण उठून बघतो? १८७१ च्या कायद्यानंतर लंडनमध्ये नियम आले: संडासाला नळ थेट जोडायचा नाही, मध्ये टाकी हवी, आणि एका वेळी दोन गॅलनांहून जास्त पाणी सुटता कामा नये. या टाकीचं इंग्रजी नाव होतं ‘वॉटर वेस्ट प्रिव्हेंटर’. पाण्याची नासाडी थांबवणारी. आज आपण जिला पाणी पिणारी राक्षसीण म्हणतो ती फ्लशची टाकी जन्माला आली ती पाणी वाचवायला!

तिच्या पोटातली रचनाही हुशारीची होती. बादलीतलं पाणी नळी तोंडाने ओढून दुसरीकडे काढतात, तोच सायफन. टाकीच्या मधोमध उलट्या ‘यू’सारखी नळी असे. साखळी ओढली की थोडं पाणी त्या कमानीवरून पलीकडे ढकललं जाई, आणि मग बाकीचं पाणी आपोआप त्याच्यामागे ओढलं जाई. टाकी रिकामी झाली की हवा शिरून सायफन तुटे. यात तळाशी झाकण नाही, रबर नाही, झिजायला काही नाही. पाणी कमानीवर चढल्याशिवाय खाली उतरूच शकत नाही, त्यामुळे गळतीचा प्रश्नच नाही. थॉमस क्रॅपर यांच्या नावावर खपवला जाणारा शोध हाच. खरं तर त्या गाजलेल्या नमुन्याचं १८९८ चं पेटंट अल्बर्ट गिब्लिन यांच्या नावे आहे. क्रॅपर यांनी तो विकला, आणि इंटरनेटने त्यांना फ्लशचा जनक करून टाकलं. फ्लशचं कमोड त्याच्या तीनशे वर्षं आधी, १५९६ मध्ये, जॉन हॅरिंग्टन या दरबारी कवीने आपल्या पुस्तकात वर्णन करून ठेवलं होतं. आणि भांड्याखालचा वाकडा पाइप, ज्यात थोडं पाणी साचून राहतं आणि गटाराचा वास वर येऊ देत नाही, तो १७७५ चा. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीचा.

या वाकड्या पाइपाकडे जरा लक्ष ठेवा. पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं. त्यात जितकं जास्त पाणी साचलेलं, तितकं ते ढकलून बाहेर काढायला वरून जास्त पाणी ओतावं लागतं.

आता मुंबईला येऊ. वाड्यांच्या आणि चाळींच्या मागे पाटीचे संडास होते. वर बसायची जागा, खाली पाटी किंवा डबा, आणि मागच्या गल्लीतून येऊन ती पाटी उचलून नेणारा माणूस. अनेकदा बाई. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात या कामासाठीच्या कराचं नाव सरळ ‘हलालखोर कर’ असं होतं. ज्यांना समाजाने ‘भंगी’ म्हणून हिणवलं, त्यांच्या कामाचा कर. म्हणजे पाणी आलं ते एका माणसाच्या जागी आलं. साखळी ओढल्यावर जे दहा लिटर पाणी पडतं, ते एरवी कुणाच्या तरी डोक्यावरून जाणारं ओझं वाहून नेत असतं. म्हणून ‘आपले पूर्वज किती कमी पाणी वापरायचे’ असं कुणी कौतुकाने सांगायला लागलं की मी अस्वस्थ होतो. ते कमी पाणी कुणाच्या जिवावर वाचत होतं? मैला उचलायला लावणारे कोरडे संडास बेकायदा ठरवणारा कायदा आपल्याकडे १९९३ मध्ये आला, आणि तो पुरेना म्हणून दुसरा २०१३ मध्ये. गटारात उतरून माणसं मरायची अजूनही थांबलेली नाहीत.

पण पाण्याचं ओझं दुसऱ्या कुणावर पडलं तेही खरं. मुंबईची पाण्याची वाट पाहा. १८६० मध्ये विहार तलाव, शहराच्या वेशीवरच. १८९२ मध्ये तानसा. १९५७ मध्ये वैतरणेवरचा मोडकसागर, अभियंते न. वि. मोडक यांच्या नावाचा. मग भातसा, मग मध्य वैतरणा. प्रत्येक टप्प्याला पाइप शहापूरच्या डोंगरात आणखी आत घुसला. आज शहराला दिवसाला सुमारे ३,८०० दशलक्ष लिटर पाणी लागतं, आणि ज्या शहापूर तालुक्यातून त्यातलं बरंचसं येतं, तिथल्या पाड्यांवर दर एप्रिलमध्ये टँकर लागतात. राष्ट्रीय इमारत संहितेत शहरातल्या माणसामागे दिवसाला दीडशे-दोनशे लिटरचा जो हिशेब आहे, त्यातले ४५ लिटर नुसत्या फ्लशसाठी धरलेले आहेत. भांडुपला गाळून, क्लोरीन घालून, पिण्यालायक केलेले ४५ लिटर.

तेव्हा खरा प्रश्न असा आहे: माणसाच्या डोक्यावर ओझं न देता, आणि डोंगरापलीकडच्या गावाचा घोट न काढता, हे काम किती पाण्यात होईल?

या प्रश्नाचा विचार करणाऱ्यांत एक माणूस कोकणातला होता, हे मला फार उशिरा कळलं. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे अप्पासाहेब, कोकणचे गांधी. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम करू देण्याची मागणी केली. सवर्णाला हे काम देता येत नाही, असं उत्तर मिळालं. म्हणजे तुरुंगातही जात पाळली जात होती, आणि सरकारी शिस्तीत पाळली जात होती! अप्पासाहेबांनी उपोषण आरंभलं. डिसेंबरात येरवड्याहून गांधीजीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषणाला बसले, तेव्हा सरकार हललं.

इथवरचा भाग पुतळ्याखाली लिहायला छान आहे. मला त्यानंतरचा भाग आवडतो. सफाईचं काम स्वतः करणं एक, आणि ते काम कुणालाच करावं लागू नये म्हणून संडासाची रचना बदलणं दुसरं. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी ते दुसरं हाती घेतलं. दोन खण आळीपाळीने वापरायचे, एक भरला की बंद करून त्याचं खत होऊ द्यायचं, तोवर दुसरा चालू. वर माती, पालापाचोळा. आणि ‘सोपा संडास’ नावाचा एक प्रकार: भांड्याखाली वाकड्या पाइपाऐवजी एक हलकी झडप. तांब्याभर पाणी ओतलं की वजनाने झडप उघडते, सगळं खाली जातं, झडप परत मिटते. माशा नाहीत, वास नाही. साचलेलं पाणी ढकलायचंच नाही, त्यामुळे पाणीही फारसं नाही.

याच झडपेने पुढे देहूला हात दिला. तुकोबांच्या देहूत १९६० च्या सुमारास डॉ. सुहास मापुसकर प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तपासायला येणाऱ्यांत निम्मे पोटाच्या तक्रारीचे, आणि कारण गावाबाहेर उघड्यावर. त्यांनी सरकारी नमुन्याचे काही संडास बांधून दिले. पहिल्याच पावसाळ्यात ते कोसळले. गावाने डॉक्टरांना काय काय ऐकवलं असेल ते आपण समजू शकतो. मग ते अप्पासाहेबांच्या कामाकडे वळले, सोपा संडास समजून घेतला, आणि तो गावात एकेक घर करत नेला. पुढे मैल्यापासून गॅस काढणाऱ्या संडासांवरही त्यांनी काम केलं. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एका गावात चाळीस-पन्नास वर्षं एकच गोष्ट करत राहणं, हे आपल्या टाइमलाइनवर बसणारं काम नव्हे.

त्याच काळात देशात दुसरीकडे झडपेशिवायचा मार्ग शोधला जात होता. लखनौच्या नियोजन संशोधन संस्थेने पन्नाशीच्या दशकात एक नमुना काढला, आणि पुढे बिंदेश्वर पाठक यांच्या ‘सुलभ’ने सत्तरच्या दशकात बिहारमधून असाच दोन खड्ड्यांचा संडास देशभर नेला. त्यातली मेख दोन आकड्यांत आहे. भांड्याचा उतार २५ ते २८ अंश, म्हणजे नेहमीच्या भांड्यापेक्षा कितीतरी तीव्र. आणि वाकड्या पाइपात साचणारं पाणी फक्त २० मिलिमीटर. शहरातल्या नेहमीच्या ट्रॅपमध्ये ते ५० मिलिमीटर असतं. घसरगुंडी तीव्र आणि अडवणारं पाणी थोडं, त्यामुळे एक ते दीड लिटरमध्ये काम होतं. एक तांब्या. हार्डवेअरच्या दुकानात हे भांडं ‘रूरल पॅन’ नावाने मिळतं. नाव ऐकूनच शहरातलं गिऱ्हाईक पुढे सरकतं. माझ्या मते विसाव्या शतकात या देशात झालेल्या सर्वांत हुशार वस्तूंपैकी ही एक आहे, आणि तिची जाहिरात कुठेच दिसत नाही.

जिथे तिची खरी गरज, तिथेही ती नेहमी पोचत नाही. माझ्या मावशीकडे शहापूर तालुक्यात काही वर्षांपूर्वी संडास झाला. ठेकेदाराने घाऊक भावात मिळालेलं सपाट भांडं आणि शहरी ट्रॅप बसवला. रंग दिला, दारावर आकडा टाकला, फोटो काढला, गेला. दर वेळी अर्धी बादली ओतल्याशिवाय काही जात नाही. घरात पाच माणसं. एकेकदा जरी धरलं आणि आठ लिटर मोजलं, तर दिवसाला चाळीस लिटर, म्हणजे जवळजवळ तीन हंडे. मे महिन्यात विहीर आटली की ते तीन हंडे मावशी आणि तिची सून डोक्यावरून आणणार. मग काय होतं? पुरुष पुन्हा ओढ्याकडे जातात, आणि संडासात लाकडं रचली जातात. बाहेरून आलेले लोक म्हणतात, यांना सवयच नाही. सवयीचा काय संबंध! रूरल पॅन असतं तर एका हंड्यात भागलं असतं.

श्रीमंत देशांतही गाडी अशीच अडखळत गेली, फक्त कारणं वेगळी. ऑस्ट्रेलिया हा कोरडा देश. तिथे १९८० मध्ये कॅरोमा कंपनीच्या ब्रूस थॉम्पसन यांनी दोन बटणांची टाकी आणली. मोठ्या कामाला ११ लिटर, छोट्याला साडेपाच. कल्पना इतकी साधी की आधी कुणाला कशी सुचली नाही असं वाटावं. सुचली होती, लिहिलीही गेली होती, बनवून विकायचं धाडस कुणी केलं नव्हतं. पुढची गोष्ट जास्त शिकण्यासारखी आहे. आकडा ९ आणि साडेचारवर आला, आणि १९९३ पर्यंत ६ आणि ३ वर. या शेवटच्या उडीला नुसती टाकी लहान करून भागेना, भांड्याचा आकारच नव्याने घडवावा लागला. टाकी आणि भांडं ही जोडी आहे. एकीचं पाणी तोडून दुसरीला तसंच ठेवलं तर संसार चालत नाही.

अमेरिकेने नेमकं तेच केलं. १९९२ च्या ऊर्जा कायद्याने १९९४ पासून घरगुती कमोडला १.६ गॅलनांची, म्हणजे सहा लिटरांची मर्यादा घातली. आधीची कमोडं साडेतीन गॅलनांची, त्याच्या आधीची पाच-सात गॅलनांची. बऱ्याच कारखान्यांनी भांडं जुनंच ठेवलं आणि पाणी कमी केलं. लोक दोनदा फ्लश करू लागले, तीनदा करू लागले, शिव्या देऊ लागले. कॅनडातून जुन्या मापाची कमोडं चोरून आणली जाऊ लागली. संसदेत कायदा मागे घ्यायचं विधेयक आलं. फ्लशवरून स्वातंत्र्याच्या गप्पा! आपल्याकडेही टाकीत वीट किंवा पाण्याची बाटली ठेवायचा सल्ला फिरत असतो. जुन्या भांड्याला तो लागू पडेलच असं नाही. दोनदा फ्लश करावं लागलं तर विटेने वाचवलं ते तिथेच गेलं.

अमेरिकेचा गुंता सुटला तो परीक्षेने. २००३ मध्ये दोन सल्लागार संस्थांनी बाजारातली कमोडं स्वतंत्रपणे तपासायला घेतली. सफरचंदांच्या जागी या वेळी मिसो, म्हणजे जपानी स्वयंपाकातला आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा. पन्नास-पन्नास ग्रॅमच्या कांड्या करून भांड्यात टाकायच्या आणि कमोड किती ग्रॅम एका फ्लशमध्ये नेतं ते मोजायचं. २५० ग्रॅम ही पास होण्याची रेषा. निकाल सर्वांना खुले. एकदा लाज वाटायला लागल्यावर कंपन्यांनी टाकीच्या तळाचं तोंड दोन इंचांवरून तीन इंच केलं, आतला मार्ग गुळगुळीत केला, आणि काही वर्षांत पावणेपाच-पाच लिटरची कमोडं जुन्या तेरा लिटरवाल्यांपेक्षा सरस ठरली. तोवर न्यूयॉर्कने १९९४ ते १९९७ या काळात घरमालकांना पैसे देऊन सुमारे तेरा लाख जुनी कमोडं बदलून घेतली होती. दिवसाला सात ते नऊ कोटी गॅलन पाणी वाचलं. नवं धरण बांधण्यापेक्षा हे स्वस्त पडलं.

जपानची तर तऱ्हाच न्यारी. तिथल्या बायका आवाज ऐकू जाऊ नये म्हणून काम सुरू असतानाच फ्लश करत, मग शेवटी पुन्हा. १९८८ मध्ये टोटो कंपनीने भिंतीवर लावायचं एक यंत्र काढलं, जे नुसता फ्लशचा आवाज काढतं. नाव ‘ओतोहिमे’, म्हणजे आवाजाची राजकन्या. लाजेसाठी वाहणारं पाणी एका छोट्या स्पीकरने वाचवलं.

आता आपलाच हिशेब करून बघा. चौघांचं घर, प्रत्येकी दिवसाला पाच वेळा. जुनी दहा लिटरची टाकी असेल तर दोनशे लिटर. सहा आणि तीनची दोन बटणं नीट वापरली, म्हणजे एकदा मोठं आणि चारदा छोटं, तर बहात्तर. १२८ लिटरचा फरक, साडेआठ हंडे, रोज. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे गेली ती आठवते? दहा वाघिणी, पाच लाख लिटर, टीव्हीवर थेट प्रक्षेपण, गाडीला हार. दहा लिटरच्या मापाने ते पन्नास हजार फ्लश होतात. लातूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेचार लाखांच्या वर. म्हणजे अख्खी गाडी दर सात-आठ माणसांमागे एका फ्लशची!

एक विनोद ब्रिटिशांनीही करून ठेवला आहे. शंभरहून अधिक वर्षं त्यांनी आपल्या न गळणाऱ्या सायफनला नियमाने जपलं. मग १९९९ च्या नियमांनी फ्लशचं पाणी सहा लिटरवर आणलं, आणि त्याच वेळी तळाशी रबरी झाकण असलेल्या व्हॉल्व्हच्या टाक्यांना परवानगी दिली. बटण दाबायला सोपं, दोन मापं द्यायला सोपं. पण रबर झिजतं, त्याखाली खडा किंवा क्षार अडकतो, आणि पाणी दिवसरात्र भांड्यात झिरपत राहतं. फ्लशमध्ये वाचवलेलं गळतीत जायला लागलं.

आपल्या फ्लॅटांमधल्या भिंतीत दडवलेल्या चकचकीत टाक्या बहुतेक याच जातीच्या. आवाज होत नाही, थेंब दिसत नाही, भांड्याच्या मागच्या उतारावर फक्त एक बारीक ओली रेघ असते. मी भाड्याने राहतो त्या घरात ती रेघ मला पहिल्या दिवसापासून दिसत होती आणि मला वाटायचं, डाग असेल. रात्री झोपताना टाकीच्या पाण्यात खायचा लाल रंग चमचाभर घातला आणि फ्लश न करता सोडून दिला. भिंतीतल्या टाकीला बटणांच्या पट्टीमागून हात जातो, दोन खटके दाबले की पट्टी निघते. सकाळी भांड्यातलं पाणी गुलाबी झालं होतं. आमच्या मजल्यावर चार घरं आहेत. सगळ्यांना डबीतून रंग दिला, दोघांकडे उतरला. प्लंबरने रबराची चकती बदलली, दहा मिनिटांचं काम. जाताना तो छोटं बटण दाखवून म्हणाला, “हे कुणी दाबतच नाही साहेब, नवंच्या नवं राहतं.”